अ‍ॅनाहाइममध्ये डिस्नीलँडच्या दारात इतरांची हॉटेलं, मग ऑर्लँडोत तशी का नाहीत?

थोडक्यात कारण जमीन. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नीलँड सुरू झालं तेव्हा कंपनीकडे संत्र्याच्या बागांची जेमतेम १६० एकर जागा होती. हॉटेल बांधायला पैसाच उरला नव्हता. त्यामुळे 'डिस्नीलँड हॉटेल' जॅक रॅदर या उद्योजकाने बांधलं. ते डिस्नीच्या हातात यायला १९८८ साल उजाडलं! दरम्यान पार्कशेजारच्या हार्बर बुलेव्हार्ड या रस्त्यावर मोटेलांची रांग लागली. गर्दी डिस्नीने खेचायची आणि खोल्यांचं भाडं शेजाऱ्यांनी घ्यायचं, हे वॉल्ट डिस्नीला फार खटकत असे.

म्हणून फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ त्याने वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून गुपचूप सुमारे २७,००० एकर जमीन घेतली. कितीतरी जमीन एकरी २०० डॉलरपेक्षाही स्वस्त पडली. १९६५ मध्ये खरेदीदार कोण ते फुटलं आणि आसपासचे भाव भडकले. १९७१ मध्ये तिथलं 'डिस्नी वर्ल्ड' पार्क उघडलं तेव्हा कंपनीची हॉटेलंही आवारातच तयार होती. बाहेरच्या बहुतेक हॉटेलवाल्यांना जवळच्या किसिमी गावचा हायवे आणि ऑर्लँडोतला इंटरनॅशनल ड्राइव्ह या रस्त्यांवर जावं लागलं. तिथेही धंदा जोरात चालतो, पण तिथून पर्यटकाला पार्कात पायी जाता येत नाही.

माझ्या मते शहरासाठी अ‍ॅनाहाइमचीच रचना चांगली. मालक अनेक, त्यामुळे पाहुण्याला स्वस्त खोली मिळते, तीही पायी जाण्याच्या अंतरावर. शिवाय हॉटेलभाड्यावरचा १५ टक्के कर हा पालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे.