शूटिंग रेंजवर पहिल्यांदाच जाणार आहे, तिथे कसं वागायचं?

बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजा आणि नळी कायम टार्गेटकडे ठेवा. कोणी हाक मारली की आपण वळतो, आणि हातातली रायफलही वळते. खरा धोका तिथेच. आधी रायफल खाली ठेवा, मग वळा. ‘स्टॉप’ ऐकलं की लगेच थांबायचं. पुढे कोणी टार्गेटपाशी गेलं असेल तर बंदुकीला हातसुद्धा लावायचा नाही. १० मीटरच्या इनडोअर हॉलमध्ये शेजारचा नेमबाज श्वास रोखून उभा असतो, म्हणून मोबाइल सायलेंट, फ्लॅश बंद. ५० मीटरच्या मोकळ्या रेंजवर पॉइंट टू टू (.२२ बोअरच्या) बंदुकीचा मोठा आवाज असतो, कानात प्लग घालाच. छर्रे बहुधा शिशाचे असतात. जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवा, मुलांचे तर आवर्जून.