व्हीपीएन हॉटस्पॉटवर लागतो, घरच्या वायफायवर नाही

प्रश्न : कंपनी पुण्याची, मी इंदूरला सुदामा नगरातून घरूनच काम करतो. फायबरच्या डब्याला स्वतःचा नवा राउटर जोडला, तेव्हापासून ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) लागत नाही. विंडोजमधलाच एलटूटीपी (व्हीपीएनचा एक प्रकार) आहे, एरर ८०९ येते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र लगेच लागतो. लाइनवाल्याच्या सांगण्यावरून राउटरचे पोर्ट (जोडणीच्या क्रमांकित वाटा) फॉरवर्ड केले, फरक शून्य.

उत्तर : फरक पडणारच नव्हता. पोर्ट फॉरवर्ड लागतो तो बाहेरून कुणी तुमच्या घरात शिरायचं असेल तेव्हा. इथे तुमचा लॅपटॉप आतून बाहेर जातोय. केलेले फॉरवर्ड आधी काढून टाका आणि कुणी ‘डीएमझेड चालू करा’ म्हटलं तर ऐकू नका. त्याने बाहेरून येणारं सगळं थेट लॅपटॉपकडे वळतं आणि तो उघड्यावर पडतो.

हॉटस्पॉटवर लागतो म्हणजे पासवर्ड, सामायिक की (दोन्हीकडे टाकलेला व्हीपीएनचा गुप्त शब्द) आणि ऑफिसचा सर्व्हर ठीक आहेत. ८०९ साठी विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) बदल करायचा सल्लाही जागोजागी मिळतो. तोही सोडा. तो बदल नॅटच्या (घरातली सगळी उपकरणं एकाच बाहेरच्या पत्त्याने चालवणारी सोय) अडचणीसाठी असतो. पण हॉटस्पॉटही नॅटमधूनच जातो, आणि तिथे हाच लॅपटॉप बिनतक्रार चालतो.

आता दोन डब्यांपैकी दोषी कोण ते ठरवा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा (हे विसरलं की चाचणी फुकट जाते) आणि लॅन केबल थेट फायबरच्या डब्याला लावा. व्हीपीएन लागला, तर अडवणूक नव्या राउटरची. नाही लागला, तर डब्याची किंवा लाइनची.

दोषी डब्याच्या सेटिंगमध्ये शिरा. फायरवॉलची (ये-जा तपासणाऱ्या चौकीची) पातळी ‘हाय’ असेल तर ‘मीडियम’ करा. एलटूटीपी आणि त्याची गुप्तता सांभाळणारा जोडीदार आयपीसेक यांना यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) ५०० आणि ४५०० हे दोन पोर्ट बाहेर जाताना मोकळे लागतात. ‘हाय’वर काही डबे नेहमीचं ब्राउझिंग आणि मेल सोडून बाकी सगळं अडवतात. मग ‘व्हीपीएन पासथ्रू’ किंवा ‘एएलजी’ (व्हीपीएनला राउटरमधून वाट देणारी सेटिंग) या नावाखाली आयपीसेक आणि एलटूटीपीच्या खुणा शोधा. बंद असतील तर चालू करा. चालू असूनही लागत नसेल तर उलट बंद करून पाहा: काही राउटर मदतीच्या नावाखाली डेटाच्या पॅकेटमध्ये (तुकड्यांमध्ये) हात घालतात आणि बिघडवतात. प्रत्येक बदलानंतर राउटर बंद करून मिनिटभराने चालू करा, नाहीतर जुनीच नोंद धरून बसतो. पॅरेंटल कंट्रोल आणि गेस्ट वायफायही तपासा, तेही अडवू शकतात.

दोष नव्या राउटरचाच निघाला तर सर्वांत सोपा तोडगा म्हणजे त्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका. मग तो फक्त वायफाय देतो. नॅट आणि फायरवॉल एकट्या फायबरच्या डब्याकडे राहतात.

प्रश्न : आमचा व्हीपीएन लागतो, ‘कनेक्टेड’ दिसतं, पण ऑफिसच्या सर्व्हरवरचं फोल्डर उघडत नाही. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे. — रामबाग, इंदूर

उत्तर : तुमच्या घरच्या राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असणार. लॅपटॉपला वाटतं १.१० घरातच आहे, म्हणून तो व्हीपीएनकडे जातच नाही. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.७३.१ करा. सेव्ह केल्यावर पान अडकलं तर घाबरू नका. वायफाय पुन्हा जोडा आणि नव्या पत्त्याने उघडा. प्रिंटर किंवा कॅमेऱ्याचा डीव्हीआर ठरावीक पत्त्यावर बसवला असेल तर तो गायब होईल, त्याचाही पत्ता बदला.

फोल्डर उघडतं पण मोठी फाइल अर्ध्यात अडकते, असं असेल तर रोग वेगळा: एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. व्हीपीएन तोडून कमांड प्रॉम्प्टवर पिंग, मग वजा एफ, वजा एल, १४७२ आणि शेवटी ८.८.८.८ असं टाइप करा. अक्षरं लहान, इंग्रजी लिपीत. ‘फ्रॅगमेंट’ची तक्रार आली तर आकडा दहा-दहाने उतरवा. जो चालेल त्यात २८ मिळवा, तो तुमच्या लाइनचा एमटीयू. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायच्या) लाइनवर तो साधारण १४९२ भरतो. त्याहून बराच कमी निघाला तर तो आकडा ऑफिसच्या आयटीवाल्यांना कळवा आणि व्हीपीएनचा एमटीयू १३५० च्या आसपास ठेवायला सांगा.

प्रश्न : नवरा-बायको दोघं एकाच कंपनीत. एकाचा व्हीपीएन लागला की दुसऱ्याचा तुटतो.

उत्तर : एलटूटीपीची ही जुनीच खोड आहे. एकाच सार्वजनिक पत्त्यावरून एकाच सर्व्हरकडे दोन जोडण्या गेल्या की बरेच सर्व्हर गोंधळतात. राउटर बदलून पैसे घालवू नका. कंपनीकडे टीसीपी ४४३ वर (सुरक्षित वेबसाइट वापरतात त्याच पोर्टवर) चालणारा एसएसएल व्हीपीएन मागा. तो मिळेपर्यंत एकाने हॉटस्पॉटवर बसायचं.