मॅपिंगला हात लावण्याआधी

मित्रा, जुनी गाडी आयडलला (उभी असून इंजिन चालू असताना) धडधडते, थ्रॉटल उघडताना अडखळते, म्हणून लगेच फ्युएल मॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता, बदलायला धावू नकोस. कंपनीचा मॅप सहसा आपोआप बिघडत नाही. बिघडतं ते आजूबाजूचं.

आधी स्पार्क प्लग काढ. टोक फिकट तपकिरी असेल तर हवा-पेट्रोलचं मिश्रण ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, एअर फिल्टर तुंबलाय का बघ. पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर कुठून तरी जादा हवा आत शिरतेय.

ही हवा बऱ्याचदा इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या, रबरातून येते. माझ्या गाडीचं रबर वरून धडधाकट दिसायचं. अंगठ्याने वाकवलं तेव्हा खाली केसाएवढी चीर दिसली. तोवर दोन महिने मी इंजेक्टरच (पेट्रोल फवारणारा भाग) साफ करत होतो. इंजिन चालू ठेवून रबरावर पाण्याचा हलका फवारा मार, वायरिंग सांभाळून. आवाज बदलला की चीर सापडली! नवं रबर घ्यायला मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, सुट्या भागांच्या बाजारात जाशील तेव्हा जुनं सोबत ने.

मग:
- बॅटरी: गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. कमजोर असली तर इंजेक्टर नीट उघडत नाही.
- पेट्रोल: गाडी अख्खा पावसाळा उभी होती ना? टाकी रिकामी कर. इथेनॉल ओलावा ओढतं.
- कनेक्टर: हिरवट गंज दिसला तर साफ कर.

एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आणि ओपन फिल्टर, वेगळा सायलेन्सर बसवणं सध्या नकोच. रविवारी प्लग काढलास की फोटो पाठव, मी बघतो.