खोटा आरोप झाल्यास ख्रिस्ती माणसाने गप्प राहावे का?
खोटा आरोप निमूटपणे सोसणे हेच ख्रिस्ती वर्तन आहे का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे, कारण दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण सूड घेण्यास मनाई करते, सत्य सांगण्यास नव्हे. महायाजकापुढील चौकशीत शिपायाने चपराक मारली, तेव्हा येशूने प्रतिकार केला नाही. पण आपण वाईट बोललो असलो तर ते दाखवून दे, नसलो तर का मारतोस, असे त्याला विचारले (योहान १८:२३). फिलिप्पै या शहरात चौकशीविना फटके खाऊन तुरुंगात पडलेल्या प्रेषित पौलानेही गुपचूप सुटका नाकारली आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा आग्रह धरला.

मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, भांडणात मात्र क्रम महत्त्वाचा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायाप्रमाणे आधी एकांतात भेटायचे, मग एकदोन साक्षीदार न्यायचे आणि शेवटी मंडळीला सांगायचे; आपण बहुधा पहिली पायरीच गाळतो, याचे मला मनापासून दुःख होते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. त्यांनी विधवा व मुलींसाठी काढलेल्या शारदा सदन या निवासी शाळेत मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, या आरोपावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठा गदारोळ झाला, आणि रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. टीकाकारांची शंका अगदीच निराधार नव्हती, कारण सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. तरीही लोकांना बरे वाटावे म्हणून रमाबाईंनी स्वतःची प्रार्थना दाराआड लपवली नाही.