वाचक विचारतात : ‘कॉल ऑफ ड्यूटी 2’

या वेळी आलेल्या पत्रांत ‘कॉल ऑफ ड्यूटी 2’ या 2005 सालच्या, दुसऱ्या महायुद्धावरच्या गोळीबाराच्या गेमवरची पत्रं इतकी आहेत की बाकीचे गेम पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : व्हेटरनवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर खेळतो. भिंतीमागे बसून कितीही जर्मन मारले तरी संपतच नाहीत. गोळ्या संपतात, मग ग्रेनेड येतो आणि खेळ खलास. चुकतंय कुठे? – सांगली

बसण्यात चुकतंय. या गेममध्ये बऱ्याच ठिकाणी शत्रू मोजून ठेवलेले नाहीत. एक पडला की मागून दुसरा येतो, आणि हा पुरवठा तुम्ही नकाशावरची एक अदृश्य रेषा ओलांडली की मगच बंद होतो. ती रेषा बहुधा पुढच्या खंदकाच्या तोंडाशी किंवा पुढच्या घराच्या दारात असते. तुमचे सोबतीही तुम्ही सरकल्यावरच सरकतात. ते ‘चला चला’ ओरडतील, पण पहिलं पाऊल तुम्हालाच टाकावं लागतं.

पहिल्या भागात (2003) आरोग्याची पट्टी होती आणि औषधाच्या पेट्या शोधाव्या लागायच्या. इथे ते काढून टाकलंय. गोळी लागली की पडदा लाल होतो, आणि काही सेकंद आडोशाला राहून नवी गोळी लागू दिली नाही की प्रकृती ठणठणीत. म्हणजे आडोसा श्वास घेण्यापुरता, मुक्कामासाठी नव्हे. मुक्काम केलात की ग्रेनेड येणारच. पडद्यावर ग्रेनेडचं चिन्ह आणि त्याच्या दिशेचा बाण दिसला की उलट दिशेला पळा. उचलून परत फेकायची सोय या भागात नाही, ती नंतरच्या भागांत आली, त्यामुळे ते बटण शोधण्यात वेळ घालवू नका.

मशीनगनपुढे बहुतेक जण अडकतात आणि स्मोक ग्रेनेड खिशातच राहतो. तो गनच्या अंगावर नको, तुमच्या आणि गनच्या मधोमध पडला पाहिजे. पडल्यावर लगेच धावलात तर मेलात, कारण धूर दाट व्हायला काही सेकंद लागतात. पलीकडचं काही दिसेनासं झालं की सरळ रेषेत न जाता बाजूने वळसा घाला, गनवाल्याच्या कडेला किंवा पाठीमागे निघा आणि जवळ गेल्यावर बंदुकीचा दस्ता हाणा. धूर विरायच्या आत पुढचा आडोसा गाठता आला पाहिजे, म्हणून तो आधीच हेरून ठेवा.

हत्यारं दोनच बाळगता येतात. एक लांबच्या माऱ्याची रायफल आणि एक खोलीत शिरण्यासाठी सबमशीनगन, ही जोडी बरी. रशियन मोहिमेत 71 गोळ्यांचा ड्रम असलेली पीपीएसएच सबमशीनगन मिळाली की सोडू नका. अमेरिकन मोहिमेत गॅरँड रायफलची 8 गोळ्यांची क्लिप अर्ध्यावर बदलता येत नाही. दोन-तीन उरल्या असतील तर दारात शिरण्याआधी हवेत झाडून नवी क्लिप भरून घ्या.

प्रश्न : जुनी डिस्क विंडोज 10 वर इन्स्टॉल होते, पण गेम चालू होत नाही. – पणजी

डिस्क बहुधा धडधाकट असेल. तिच्यावर ‘सेफडिस्क’ नावाचं, डिस्कची नक्कल रोखणारं कुलूप आहे, आणि त्याला लागणारा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 मध्ये ठेवलेलाच नाही. कुठून तरी तो ड्रायव्हर आणून बसवू नका. ज्या भगदाडामुळे तो काढला, तेच तुम्ही परत उघडाल. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातली प्रत घेणं हाच सरळ मार्ग, तिच्यात 1.3 पॅच (गेमची दुरुस्ती) आधीच असतो.

प्रश्न : मॉनिटर 144 हर्ट्झचा, ग्राफिक्स कार्ड नवं, तरी गेम सेकंदाला 85 फ्रेम्सच्या पुढे जात नाही. – पिंपरी

ती मर्यादा गेमनेच घातलेली आहे. ऑप्शन्समध्ये गेम ऑप्शन्स उघडून कन्सोल (आज्ञा टाइप करायची खिडकी) चालू करा. खेळताना एस्केपच्या खालची कळ दाबा आणि ‘कॉम_मॅक्सएफपीएस 125’ (इंग्रजीत com_maxfps 125) टाइप करा. कायमचं हवं असेल तर गेमच्या फोल्डरमध्ये ‘मेन’, त्यात ‘प्लेयर्स’, त्यात तुमच्या प्रोफाइलच्या नावाचं फोल्डर. तिथल्या कॉन्फिग फाइलमध्ये हीच ओळ 85 वर असेल, ती बदला. मल्टिप्लेयरची फाइल वेगळी असते, तिच्या नावाला शेवटी ‘_एमपी’ (_mp) जोडलेलं दिसेल.

आकडा मात्र वाटेल तेवढा वाढवू नका. या इंजिनमध्ये उडीचा हिशोब दर फ्रेमला होतो, त्यामुळे 125, 250, 333 अशा ठरावीक आकड्यांवर उडी जास्त उंच जाते. म्हणूनच काही सर्व्हर यावर बंधन घालतात.

प्रश्न : माझ्याकडे प्लेस्टेशन 2 ची प्रत आहे. तिच्यात स्टालिनग्राडच नाही! – नाशिक

कव्हर पुन्हा वाचा. तो ‘कॉल ऑफ ड्यूटी 2 : बिग रेड वन’. ट्रेयार्कने केलेला वेगळा गेम, त्यात अमेरिकेच्या 1ल्या इन्फन्ट्री डिव्हिजनची मोहीम आहे. इन्फिनिटी वॉर्डचा मूळ दुसरा भाग पीसी आणि एक्सबॉक्स 360 वर आला. रशियन प्रशिक्षणात ग्रेनेडऐवजी बटाटे फेकायला लावतात, तो हाच.

प्रश्न : पॉइंट द्यू ऑकवर कडा चढून गेल्यावर तोफा जागेवर नसतात. हे खरंच घडलं होतं? – डोंबिवली

घडलं होतं. ही जागा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर आहे. 6 जून 1944 ला अमेरिकेच्या 2ऱ्या रेंजर बटालियनचे सव्वादोनशेच्या आसपास जवान सुमारे 30 मीटरच्या त्या कड्याखाली उतरले, तेही दिशा चुकल्यामुळे ठरल्या वेळेपेक्षा 40 मिनिटं उशिरा. रॉकेटने वर फेकायचे आकडे-दोर भिजून जड झाले होते, त्यामुळे बरेच माथ्यापर्यंत पोचलेच नाहीत. वर गेल्यावर 155 मिलीमीटर तोफांच्या चौथऱ्यांवर लाकडी ओंडके! खऱ्या तोफा आतल्या बाजूला एका फळबागेत झाकून ठेवलेल्या लेनर्ड लोमेल आणि जॅक कुन या दोघांना सापडल्या. त्यांनी थर्माइट ग्रेनेड यंत्रणेत ठेवले. थर्माइट स्फोट न होता जळतो आणि दातेरी चाकं वितळवून एकमेकांना चिकटवतो, म्हणून जवळच जमलेल्या जर्मनांना पत्ताही लागला नाही. जवळचे ग्रेनेड संपल्यावर उरलेल्या तोफांच्या दुर्बिणी त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने फोडल्या आणि आणखी ग्रेनेड आणायला दोघं परत गेले.