शेक दे, करंट नको

अनेक आशीर्वाद.

लंडनमध्ये छळातून सुटून आलेल्या निर्वासितांच्या केंद्रात तुला फिजिओथेरपिस्टची जागा मिळाली, पत्र वाचून फार बरं वाटलं. व्यायामांची तुझी लांबलचक यादी पाहिली. ती राहू दे बाजूला. आधी माझी एक चूक ऐक.

मी इथे नवीन होते. एका दवाखान्यात श्रीलंकेतल्या जाफन्याकडचे एक तमिळ गृहस्थ कंबरदुखीसाठी आले. पुण्यात रोज करायचे तेच केलं: पालथं झोपवलं, पॅड चिकटवले आणि म्हटलं, थोडा करंट देते हं. दुभाष्याने 'करंट' तसाच पुढे दिला. गृहस्थ ओरडले नाहीत, हललेही नाहीत. श्वास कोंडून पडून राहिले. मला वाटलं, चला, सहन होतंय. पॅड काढले तेव्हा खालची चादर घामाने ओली होती. पुन्हा ते कधी आले नाहीत. कोठडीत त्यांना विजेचे झटके दिले होते. फाइलमध्ये लिहिलेलं होतं, आणि फाइल माझ्याच टेबलावर होती.

तेव्हापासून मशीन कपाटात. शेक चालतो, तोही विचारून. पालथं झोपवू नकोस. पाठीमागे कोण उभं आहे ते दिसत नाही. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेव, आणि "थांबा" म्हटलं की हात उचलायचा, अगदी मध्येच. दुभाषी कोण हवा तेही त्यांनाच विचार. आपल्याच गावचा माणूस कधीकधी सगळ्यात नकोसा असतो.

तळव्यांवर मार खाल्लेले पुष्कळ येतील. फलांगा म्हणतात त्याला. आपल्याकडच्या चौक्यांनाही हा प्रकार नवा नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ साली सही केली, त्याला अंतिम मंजुरी देणं अजून राहिलंय. असो. काही वर्षांनी कातडीवर खूण दिसत नाही, एक्स-रेही बहुधा स्वच्छ. पण टाचेखालची चरबीची गादी चपटी झालेली असते. अंगठा दाबलास की थेट हाड लागतं. माणूस पाऊल पुरतं टेकवत नाही, मग गुडघा धरतो, मग कंबर. टाच नीट धरणारे बूट, मऊ इनसोल, पोटऱ्यांचे ताण. निदान बसस्टॉपपर्यंत चालता आलं पाहिजे, इतकंच आधी बघ.

वकील अहवाल मागतील. इस्तंबूल प्रोटोकॉल वाचून ठेव, म्हणजे छळाची तपासणी आणि नोंद कशी करायची याची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका, २०२२ची सुधारित आवृत्ती. व्रण नाही म्हणून छळ झालाच नाही, असं त्यातून काढता येत नाही. आश्रयाच्या अर्जाच्या निकालाचं पाकीट यायच्या सुमारास दुखणं वाढतं. तुझं काही चुकलं असं समजू नकोस.

आणि हकीकत उकरू नकोस. हेलन बॅम्बर विशीत बर्गन-बेल्सनला, नाझींच्या छळछावणीत, ती मुक्त झाल्यावर गेल्या, तिथे वाचलेल्यांच्या शेजारी बसून ऐकलं. पुढे १९८५ मध्ये लंडनला छळपीडितांसाठी संस्था काढली. ऐकायचं, पण सांगतील तेवढंच.

माझ्याकडे एक बाई यायच्या. तीन भेटी मोजे काढायला तयार नव्हत्या. आम्ही हवापाण्यावर बोलायचो, त्या बुटासकट पाय स्टुलावर ठेवायच्या. चौथ्या भेटीत त्यांनी एक मोजा काढला, डावा. त्या दिवशी मी डाव्याच पायाचं काम केलं.

तुझी,
मावशी