वय झालं की रॉक संगीतकारांना नवं सुचणं थांबतं का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एक, रॉकमधले मोठे कलाकार साठीनंतर जुन्याच गाण्यांवर का निभावतात, त्यांची आतली धग विझते का. दुसरा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातल्या तुमच्या बँडमधले पाचही जण पन्नाशीच्या पुढे गेलेत, तर आता स्वतःची गाणी करण्यात काही अर्थ आहे का. दुसऱ्याचं उत्तर सरळ आहे: आहे, फक्त पंचविशीतल्या पट्टीत आणि पंचविशीतल्या पद्धतीने नाही. का, ते समजायला पहिल्या प्रश्नात शिरावं लागेल.

रॉकमध्ये गाणं एकदा रेकॉर्ड झालं की ती पट्टी, ती लय, तो आवाज श्रोत्याच्या कानात कायमचा बसतो. तिकीट काढून आलेल्या माणसाला तेच हवं असतं. दोन तासांच्या कार्यक्रमात वीसेक गाणी बसतात, त्यात नव्याला दोन-तीन जागा मिळाल्या तरी पुष्कळ. म्हणजे ऐंशीच्या घरातला गायक वर्षानुवर्षं रोज रात्री आपल्याच तरुण आवाजाची नक्कल करत असतो. ख्यालगायकावर ही सक्ती नाही, तीच बंदिश दर वेळी नव्याने मांडायची असते. ख्यालगायक मल्लिकार्जुन मन्सूर घ्या. त्यांचं उतारवयातलं गाणं ऐकताना कुणी ‘तिशीतलं तेवढं गा’ म्हणत नाही. धारवाडच्या मातीत वाढलेलं हे उदाहरण रॉकच्या माणसांनी नीट पाहण्यासारखं आहे, कारण इथे वय अडचण ठरलेलंच नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनने मार्च १९६५ ते जून १९६६ या सव्वा वर्षात तीन अल्बम काढले. पुढे २०१२ ते २०२० या आठ वर्षांत त्याचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा एकही अल्बम आला नाही. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचं तसंच: २००५ नंतर नव्या गाण्यांचा अल्बम थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये. प्रयत्न कमी तर चांगली गाणीही कमी. आणि आपण तुलना करतो ती तरुणपणच्या निवडक दहा गाण्यांची म्हातारपणच्या सगळ्या गाण्यांशी. ही तुलना मला अन्यायाची वाटते.

तरीही बऱ्याच जणांचं नवं काम फिकं असतं, हे खरं आहे. ज्यांचं नाही, त्यांच्याकडे पाहिलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: त्यांनी शरीराशी भांडण सोडून साधनं बदलली. अमेरिकन गायक जॉनी कॅश साठी ओलांडल्यावर निर्माता रिक रुबिनबरोबर बसला आणि १९९४ चा अल्बम त्याने बहुतांशी एकट्याने, एका गिटारवर केला. मागचा वाद्यवृंदच काढून टाकला. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी २००४ च्या हृदयविकारानंतर दौऱ्यांवरून बाजूला झाला, आणि शेवटच्या अल्बमसाठी त्याने न्यू यॉर्कमधले जॅझ वादक घेतले. तो अल्बम ८ जानेवारी २०१६ ला, त्याच्या ६९ व्या वाढदिवशी आला, आणि दोन दिवसांनी तो गेला. कॅनडाच्या गायक-कवी लेनर्ड कोहेनला पाठीच्या मणक्यांनी जेरीस आणलं होतं. ८२ व्या वर्षी आलेला अल्बम त्याने घरीच, खास वैद्यकीय खुर्चीत बसून, मुलाच्या मदतीने पुरा केला. गायिका जोनी मिचेलचा चढा आवाज उतरून जाड झाला, तेव्हा २००० साली तिने आपलं १९६९ चं गाणं त्याच जाड आवाजात पुन्हा गायलं. अनेकांना हे दुसरं गायनच अधिक भिडतं. मलाही.

आणि याची सर्वात जवळची साक्ष तर बेळगाव तालुक्यातली आहे. सुळेभावीचे कुमार गंधर्व क्षयाने काही वर्षं अंथरुणाला खिळले, गाणं बंद होतं. १९५२ च्या सुमारास परतले तेव्हा फुप्फुस पूर्वीचं राहिलं नव्हतं. लांब तानांच्या भरवशावर न राहता छोट्या, तुटक, टोकदार सुरावटींतून त्यांनी वेगळीच गायकी उभी केली, आणि आजारपणात कानावर पडलेल्या माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग बांधले. तेव्हा ते तिशीच्या आतले होते, पण श्वास कमी पडणाऱ्या कुणालाही यातून शिकता येतं.

आता तुमच्या बँडकडे. सुरुवात गायकाच्या पट्टीपासून करा, कारण सगळ्यात आधी तिथेच बिघडतं. वयाबरोबर स्वरतंतू पातळ होतात, श्वास तोकडा पडतो, वरचे सूर आधी जातात. गायक ते ताणून काढायला बघतो, घसा बसतो, मग तालीमच नकोशी होते. आणि बाकीचे म्हणतात, याची आवड संपली.

गायकाचा सर्वात वरचा सूर तालमीच्या सुरुवातीला मोजू नका, शेवटी मोजा. दमलेल्या गळ्याने लागोपाठ तीनदा न ताणता लागतो तो खरा. गाण्यातला सर्वात वरचा सूर त्याच्याही एक पूर्ण स्वर खाली येईल इतकी पट्टी उतरवा. हार्मोनियमच्या पांढरी तीनमधलं (ई) गाणं पांढरी दोनमध्ये (डी) आणलं तर बहुतेकांचं काम भागतं, फार तर काळी एक. त्याखाली जाताना खालचे सूर नुसत्या हवेत विरत नाहीत ना, ते बघा. चालीचा पसारा दीड सप्तकाहून मोठा असेल तर पट्टी बदलून सुटका नाही. वरची ओळच वेगळी बांधा किंवा ती दुसऱ्याला गायला द्या.

पट्टी उतरवली की गिटारवाल्याची पंचाईत होते. ई कॉर्डच्या मोकळ्या तारांचा घुमारा डी मध्ये मिळत नाही, आणि कॅपो (गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा) पट्टी फक्त चढवतो. दोन वाटा आहेत. सगळी गिटार एक पूर्ण स्वर उतरवून लावा आणि बोटं जुन्याच जागी ठेवा. किंवा दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातुरेषेवर) कॅपो लावून सी चे आकार धरा, आवाज डी चाच येईल. पहिल्या वाटेत तारांचा ताण जवळपास २१ टक्क्यांनी कमी होतो, अर्धा स्वर उतरवला तर ११ टक्क्यांनी. दुखऱ्या बोटांना हा मोठा आराम आहे. पण ताण घटला की गिटारची मान सरळ होते आणि तारा फ्रेटवर घासून झणझणतात. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली ताण सांभाळणारी सळई, एका वेळी पाव फेराच सैल करा, पुन्हा सूर लावा, काही तास जाऊ द्या, मग पुढचा निर्णय. घाईने पूर्ण फेरा दिलेल्या गिटारी दुरुस्तीला येतात, त्यातल्या काहींचा रॉड कायमचा गेलेला असतो. तरंगता ट्रेमोलो (दांडीने सूर हलवणारा, स्प्रिंगांवर तोललेला पूल) असेल तर मागच्या स्प्रिंगाही पुन्हा जुळवाव्या लागतील.

पट्टी तशीच ठेवून नुसता बोटांचा त्रास कमी करायचा असेल तर १० च्या ऐवजी ९ चा, म्हणजे बारीक तारांचा, संच लावा. पहिल्या तारेचा ताण साधारण १९ टक्क्यांनी उतरतो. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमीने हेच केलं. सतराव्या वर्षी कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तो डावखुरा असल्याने तार दाबायचा हात तोच. हलक्या तारा लावल्या, पुढे १९७१ च्या अल्बममध्ये गिटार दीड स्वर उतरवून वाजवली, आणि त्या जड आवाजातून एक अख्खी शैली निघाली. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने तर सहावी तार काढूनच टाकली आणि उरलेल्या पाच जी-डी-जी-बी-डी अशा लावल्या. एकच बोट आडवं टाकलं की पूर्ण कॉर्ड मिळते. सांधे आखडलेल्या वादकाने हे लावणं एकदा तरी करून पाहावं, नवे रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे) आपोआप सापडू लागतात, कारण जुन्या सवयीच्या जागाच उरत नाहीत.

चार अर्धस्वरांहून जास्त उतरलात तर गिटार आणि बेस एकाच जागी गर्दी करतात आणि सगळा आवाज गढूळ होतो. तेव्हा गिटारने खालच्या जाड तारा सोडून वरच्या तीन तारांवर, मानेच्या चढ्या सुरांच्या भागात कॉर्ड धराव्यात. कीबोर्डवाल्याने पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण वापरलं असेल तर गाणं संपल्यावर ते शून्यावर आणण्याची जबाबदारी कुणा एकाकडे द्या. ऐन कार्यक्रमात हे विसरलं की पुढच्या गाण्याची सुरुवात कशी होते, ते तुम्हाला माहीत असेलच.

कानांबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून थोडं जास्त लिहितो. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो, पण दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. दहा बाय बाराच्या बंद खोलीत ड्रम आणि दोन अँप्लिफायर असले की हा आकडा सहज ओलांडला जातो. वयाने आणि गोंगाटाने आधी तीव्र सूर ऐकू येणं कमी होतं. मग जुना वादक नकळत ट्रेबल, म्हणजे तेच तीव्र सूर, वाढवतो आणि समोरच्यांना आवाज बोचतो. लोक म्हणतात, म्हाताऱ्यांना आता आवाज जमत नाही. उपाय साधा आहे: शेवटचं मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची जुळणी, पंचविशीतल्या कुणाकडून तपासून घ्या. कापसाचे बोळे किंवा फोमचे प्लग वापरू नका, त्यांनी वरचे सूर बुजतात आणि गायक ओरडू लागतो. संगीतकारांसाठीचे साधारण १५ डेसिबल उतरवणारे प्लग मिळतात, ते घ्या. एसी/डीसी या बँडच्या गायकाला, ब्रायन जॉन्सनला, २०१६ मध्ये कानांपायी दौरा अर्धवट सोडावा लागला होता. नव्या कानयंत्रांच्या मदतीने तो परतला आणि २०२० मध्ये बँडचा नवा अल्बम त्यानेच गायला.

गळ्यासाठी तालमीआधी पाच मिनिटं पुरतात: पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवून त्यातून हलका सूर फुंकायचा, खालून वर, वरून खाली. रात्री उशिरा तिखट जेवून लगेच झोपणं घशाला फार वाईट, आम्ल वर येऊन स्वरतंतू सुजवतं. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा, काढ्यांवर दिवस काढू नका. खानापूरच्या पावसात तारा गंजतात, गिटारच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, एवढं पुरे.

आता नवं सुचण्याबद्दल. तालमीची सुरुवात जुन्या गाण्यांनी करू नका. ‘गळा तापवायला’ म्हणून घेतलेली चार गाणी ताजा आवाज आणि ताजं डोकं दोन्ही खाऊन टाकतात. दीड तासाची तालीम असेल तर पहिली चाळीस मिनिटं फक्त नव्यासाठी ठेवा, मोबाइल रेकॉर्डिंग चालू ठेवून. त्याच दिवशी ऐकू नका. तीन-चार दिवसांनी ऐका आणि तेव्हाही आवडलेले तुकडे वेगळे काढा.

पहिले काही आठवडे तर स्वतःचं लिहूच नका. दुसऱ्यांची तीन जुनी गाणी घ्या, मराठी, कन्नड, हिंदी कुठलीही, आणि आजच्या आवाजाला बसतील अशी मोडून बांधा. डिलनने २०१५ ते २०१७ मध्ये दुसऱ्यांचीच जुनी गाणी गात तीन अल्बम काढले, आणि मग २०२० मध्ये, ७९ व्या वर्षी, सुमारे सतरा मिनिटांच्या गाण्यासह नवा अल्बम दिला. स्टोन्सनी २०१६ मध्ये तीन दिवसांत रेकॉर्ड केलेला जुन्या ब्लूजचा अल्बम काढला, नवी गाणी नंतर आली. माझ्या मते हा योगायोग नाही. परक्या गाण्यात आपला आत्ताचा आवाज काय करू शकतो, ते कळतं, आणि स्वतःच्या जुन्या गाण्याशी तुलनेचं ओझंही नसतं.

मग मुदत ठरवा. स्टोन्सचा २०२३ चा अल्बमही वर्षानुवर्षं रेंगाळला होता. गायक मिक जॅगरने १४ फेब्रुवारीची तारीख घातली आणि आपल्याहून निम्म्याहून कमी वयाचा निर्माता, अँड्र्यू वॉट, सोबत घेतला, तेव्हा तो मार्गी लागला. तुमच्यासाठी गणेशोत्सवाची तारीख चुकीची. त्या दिवसांत फर्माइशी चालतात आणि नवं गाणं गर्दीत हरवतं. दिवाळीनंतरची एखादी तारीख घ्या, बेळगावच्या टिळकवाडीतलं छोटं सभागृह, शंभरेक माणसं, चार नवी गाणी आणि मोडून बांधलेली तीन. बेसला किंवा ड्रमला कॉलेजमधला एखादा मुलगा नाहीतर मुलगी घ्या, पण नोकरासारखं नव्हे. गाण्याची बांधणी बदलायचा हक्क त्यांना हवा.

शब्दांसाठी पुण्या-मुंबईची मराठी आणू नका. घरी जी बोलता, जिच्यात कन्नड सहज मिसळतं, तीच घ्या. आणि विषय तुमच्या वयाचे असू द्यात: मुलं बंगळूरला गेलेलं घर, विकलेलं शेत, दवाखान्यातल्या रांगा. पहिलं गाणं गायकाला सहज लागणाऱ्या पाच सुरांतच बांधा, तीन मिनिटांच्या आत संपवा, आणि पट्टी ठरवताना पुन्हा तालमीच्या शेवटीच मोजा.